तीनशे बावन्न विमाने आणि दहा वर्षे

(एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा ‘एका जर्मन वैमानिकाचे जीवन’ असे मी सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनी अतिशय अदबीने विचारले, ‘‘जर्मन कशाला? आपल्याकडे वैमानिक थोडे का आहेत?’’ प्रश्न रास्त होता. श्रीनगरच्या आकाशात एकाकी झुंज देऊन हुतात्मा झालेले परमवीर निर्मलजितसिंग सेखों यांच्यावर तीन दिवस बोलले तरी पुरणार नाही. परंतु या विषयाला एक निमित्त घडले.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयात कार्यक्रम आटोपल्यावर एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या हातात एक जाडजूड वही होती. तीत दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांची चित्रे नीट कापून चिकटवलेली होती आणि प्रत्येक चित्राखाली त्या वैमानिकाने पाडलेल्या विमानांचा आकडा लाल शाईने लिहिला होता. पहिल्याच पानावर एका कोवळ्या, सोनेरी केसांच्या तरुणाचे चित्र होते. खाली आकडा होता ३५२. मुलाने विचारले, ‘‘सर, इतका मोठा योद्धा जगात दुसरा झाला नाही ना?’’

आकडा बरोबर होता. हवाई युद्धाच्या इतिहासात त्याहून मोठा आकडा कोणाच्याच नावावर नाही. तरीही मला त्या मुलाला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. त्याचे उत्तर द्यायला तास-दीड तास हवा होता. तो आज आपण मला दिला आहे.

त्या तरुणाचे नाव एरिख हार्टमान. १९ एप्रिल १९२२ रोजी दक्षिण जर्मनीतील वाइसाख या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत महागाईने लोकांचे कंबरडे मोडले होते, म्हणून हे डॉक्टर कुटुंबासह चीनमधील चांगशा येथे व्यवसायासाठी गेले. एरिखचे अगदी लहानपण तिकडे गेले. पुढे चीनमध्ये यादवी पेटली आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस कुटुंब मायदेशी परतले व वाइल इम श्योनबुख या गावी स्थायिक झाले.

या घरातले खरे आश्चर्य म्हणजे एरिखची आई एलिझाबेथ. त्या काळी आपल्याकडे मुलीने सायकल चालवली तरी गावात चर्चा होई. ही बाई विमान चालवीत असे. जर्मनीतील आरंभीच्या महिला ग्लायडर-वैमानिकांत तिची गणना होते. पैशाअभावी १९३२ साली लहान विमानातील आपला हिस्सा तिला विकावा लागला, तेव्हा तिने ग्लायडर मंडळ चालविले आणि दोन्ही मुलांना तेथे शिकविले. ग्लायडरला इंजिन नसते. वाऱ्याचा प्रवाह ओळखायचा, उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर येणारी हवा नेमकी कोठे आहे हे हेरायचे आणि तिच्या आधाराने तरंगत राहायचे. एरिख चौदा-पंधरा वर्षांचा होईतो ही विद्या त्याच्या अंगात मुरली होती. पुढील आयुष्यात जगाला जे दिसले, त्याचे मूळ आईच्या या शिकवणीत आहे असे मला वाटते.

शाळेत असतानाच कोर्नटाल येथे उर्सुला नावाची मुलगी त्याला भेटली. तिला सगळे ‘उश’ म्हणत. तिचे नाव लक्षात ठेवा, कारण या कथेतील सर्वांत दीर्घ तपश्चर्या तिची आहे.

ऑक्टोबर १९४० मध्ये तो जर्मन वायुदलात दाखल झाला. प्रशिक्षणात हुशार, परंतु वृत्तीने उनाड. ३१ मार्च १९४२ रोजी त्सेर्ब्स्टच्या धावपट्टीवर त्याने अगदी खालून कसरती केल्या. वरिष्ठांनी आठवडाभर खोलीत डांबले आणि पगारही कापला. त्या आठवड्यात ज्या विमानातून त्याने नेमबाजीच्या सरावाला जायचे, ते विमान एका सहकाऱ्याने नेले. इंजिन बिघडून ते कोसळले आणि तो सहकारी मृत्युमुखी पडला. शिक्षेने आपला जीव वाचवला, असे हार्टमान पुढे म्हणत असे.

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याची नेमणूक पूर्व आघाडीवर, कॉकेशस भागात, ५२व्या लढाऊ दलात झाली. हे दल युद्धकाळात दहा हजारांहून अधिक विमाने पाडल्याचा दावा करणारे दल होते. हार्टमानच्या खालोखालचे दोघे, ३०१ विमाने पाडणारा बार्कहॉर्न आणि २७५ पाडणारा राल, हेदेखील याच दलातले. अशा मुरलेल्या मंडळींत हा वीस वर्षांचा पोरसवदा मुलगा आला. ‘बूबी’ म्हणजे बाळ्या, असे त्याचे नावच पडले.

पहिल्या लढाईत बाळ्याने काय केले? शत्रू दिसताच प्रमुखाची आज्ञा मोडून पुढे घुसला, नेम चुकला, दिशा हरवली. मागून येणारे विमान शत्रूचे समजून जीव घेऊन पळाला. ते त्याच्याच प्रमुखाचे विमान होते. इंधन संपले आणि तळावर पोहोचण्याआधीच विमान पोटावर उतरवावे लागले. शिक्षा म्हणून तीन दिवस यंत्रकारांबरोबर ग्रीसने माखलेल्या हातांनी काम. ५ नोव्हेंबर १९४२ रोजी पहिले विमान पडले, तेही असे की त्याचेच उडालेले तुकडे याच्या विमानाला लागले आणि हाही खाली आला. वर्षअखेर एकूण खाते दोन. मुलांच्या वह्यांत हे पान चिकटवलेले नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्याला घडविले ते रोसमान नावाच्या ज्येष्ठ साथीदाराने. रोसमानचा हात पूर्वी जखमी झाला होता. विमानाला गरगर वळवीत झुंजण्याची ताकद त्या हातात उरली नव्हती. म्हणून तो उंचावर थांबे, निरखी आणि योग्य क्षणी अचानक झडप घाली. शक्तीची उणीव त्याने बुद्धीने भरून काढली होती. हार्टमानने ही पद्धत उचलली आणि तिचे चार शब्दांचे सूत्र केले: पाहा, ठरव, हल्ला कर, बाहेर पड. पाहिल्यावर विचार करायचा. लाभ आपल्याकडे नसेल तर हल्ला करायचाच नाही. करायचा तर इतक्या जवळ जायचे की समोरची काच शत्रूच्या विमानाने भरून गेली पाहिजे, आणि मगच थोडक्या गोळ्या. त्यानंतर तेथे क्षणभरही न थांबता निघून जायचे. गोलगोल फिरत चालणाऱ्या झुंजीला तो वेळेचा अपव्यय मानी. आपल्याकडील गनिमी काव्याच्या वाचकाला हे ऐकून काही नवल वाटणार नाही.

यानंतर आकडा चढतच गेला. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या संग्रामात एका दिवसात सात विमाने. २० ऑगस्ट १९४३ रोजी पाडलेल्या विमानाचे तुकडे लागून तो सोव्हिएत सैन्याच्या हद्दीत उतरला आणि पकडला गेला. त्याने पोटात जबर मार बसल्याचे सोंग घेतले. ते इतके उत्तम वठले की त्याला झोळीत घालून मालमोटारीत ठेवण्यात आले. वाटेत जर्मन विमानांचा हल्ला झाला, पहारेकऱ्यांचे लक्ष उडाले, तशी याने उडी टाकली आणि सूर्यफुलांच्या उंच शेतात दिसेनासा झाला. रात्री चालत चालत तो आपल्या ठाण्याशी पोहोचला, तेव्हा आपल्याच पहारेकऱ्याने झाडलेली गोळी विजारीच्या कापडातून आरपार गेली. इकडे त्याचा यंत्रकार मेर्टेन्स बंदूक खांद्याला लावून, कोणाची परवानगी न घेता, त्याला शोधायला शत्रूच्या हद्दीकडे निघून गेला होता. यंत्रकार आणि वैमानिक यांचे नाते काय असते, ते वायुदलात आयुष्य काढलेल्यांना विचारा.

२४ ऑगस्ट १९४४ रोजी तीनशेचा आकडा ओलांडणारा तो जगातील पहिला वैमानिक ठरला. वय वर्षे बावीस. पाठोपाठ सर्वोच्च श्रेणीचे हिरेजडित पदक मिळाले. सप्टेंबरमध्ये उशशी विवाह झाला.

हा आकडा एवढा मोठा कसा, हे समजून घेतले पाहिजे. मित्रराष्ट्रांचा सर्वांत यशस्वी वैमानिक म्हणजे सोव्हिएत संघाचा इव्हान कोझेदुब. त्याची विमाने ६२. अमेरिकेच्या रिचर्ड बाँगची ४०. म्हणजे जर्मन वैमानिक पाच-सहा पटींनी शूर होते काय? तसे नव्हे. अमेरिकी वा ब्रिटिश वैमानिकाला ठराविक उड्डाणांनंतर मागे घेत, नव्या मुलांना शिकवायला पाठवीत. जर्मनीत तसे नव्हते. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचे. हार्टमानने सुमारे चौदाशे उड्डाणे केली, आठशेहून अधिक वेळा शत्रूशी गाठ पडली. समोर शत्रूची विमाने शेकड्यांनी होती, आणि आरंभीच्या काळात सोव्हिएत वैमानिकांचे प्रशिक्षण अपुरे होते. काही रशियन अभ्यासक त्याच्या आकड्यावर आक्षेप घेतात. सर्वच देशांच्या वैमानिकांचे दावे प्रत्यक्षाहून थोडेफार अधिक असतात, हे खरे आहे. तो वाद आज मी बाजूला ठेवतो. परंतु एक ध्यानात घ्या. ज्या राष्ट्राच्या वैमानिकांच्या नावावर शंभर-शंभर विमाने होती, ते राष्ट्र हवेतही हरले. आपले उत्तम वैमानिक शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचे आणि मागून येणाऱ्या मुलांना शिकवायला कोणी ठेवायचे नाही, हे धोरण किती आत्मघातकी होते ते १९४४ साली दिसले. तेव्हा जर्मनीची नवी मुले अपुऱ्या शिक्षणावर आकाशात जात आणि पहिल्या काही उड्डाणांतच संपत.

स्वत: हार्टमानला मात्र ३५२ या आकड्याचा फारसा अभिमान नव्हता. त्याला अभिमान होता तो आपला एकही साथीदार आपण मृत्यूच्या हाती दिला नाही याचा. काप्पिटो नावाचा, मूळचा बाँबफेकी विमान चालविणारा एक साथीदार एकदा त्याच्यासोबत असताना शत्रूच्या तावडीत सापडला. जड विमानाच्या सवयीमुळे त्याला चपळ वळण जमेना. हार्टमानने त्याला उडी टाकायला लावले, पाठलाग करणाऱ्याला पाडले आणि छत्रीने उतरलेल्या साथीदाराला घेऊन आला. साथीदाराचे विमान तरी का गेले, म्हणून तो स्वत:वरच चिडला होता.

आता मला अवघड भागाकडे वळले पाहिजे. टाळ्या मिळणाऱ्या जागा संपल्या.

हे सारे शौर्य कोणासाठी खर्ची पडत होते? हार्टमान ऑक्टोबर १९४२ मध्ये उत्तर कॉकेशसमध्ये आला. त्याच्या आदल्याच महिन्यात, त्याच प्रदेशात, मिनेराल्निए व्होदी या गावाजवळ एसएसच्या पथकांनी आसपासच्या शहरांतून आणलेल्या हजारो ज्यूंना, स्त्रिया आणि मुले यांसह, खंदकाच्या काठी गोळ्या घातल्या होत्या. जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी तीस लाखांहून अधिक उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी मेले. त्या युद्धात सोव्हिएत संघाचे अडीच कोटींहून अधिक लोक गेले. हे युद्ध जर्मनीने लादलेले होते, आणि पूर्वेकडील प्रदेश रिकामे करून तेथे आपली वसाहत करणे हा त्याचा उघड हेतू होता. हार्टमानने विमानातून उतरून कोणा निःशस्त्राला मारल्याचा पुरावा नाही. परंतु त्याच्या विमानांच्या छत्राखाली जे सैन्य पुढे सरकत होते, त्याच्या मागोमाग ही पथके येत होती. आपल्याकडे काही जणांना, इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र या जुन्या हिशोबातून, हिटलरच्या सैन्याविषयी एक सुप्त कौतुक असते. लहानपणी मीही ते ऐकले आहे. त्या कौतुकाला मिनेराल्निए व्होदीचा खंदक दाखवला पाहिजे.

बाविसाव्या वर्षी पदके घेताना हार्टमानला हे किती ठाऊक होते, ते मी सांगू शकत नाही. कर्णाची आठवण मला येथे होते. कर्णाचे शौर्य, दातृत्व, शब्द पाळणे यांपैकी काहीच खोटे नव्हते. आणि तो ज्या बाजूला उभा होता ती बाजूही खोटी ठरत नाही. व्यासांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, एकीसाठी दुसरी पुसली नाही.

८ मे १९४५. आदल्याच दिवशी जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या होत्या. हार्टमान ब्रनो शहरावर टेहळणीसाठी गेला. तेथे एक सोव्हिएत वैमानिक खालच्या आपल्या सैनिकांना दाखवण्यासाठी आनंदाने कसरती करीत होता. युद्ध संपले, आपण जगलो, म्हणून तो तरुण आकाशात कोलांट्या मारीत असेल. तो हार्टमानचा ३५२वा बळी. बंधूंनो, नियमाने पाहता शरणागती अजून अमलात यायची होती. पण त्या वहीतल्या लाल आकड्यातील शेवटचा ‘एक’ पाहिला की मला त्या कोलांट्या मारणाऱ्या मुलाची आई आठवते.

तळावर परतताच हुकूम आला की, त्याने आणि दलप्रमुख हेर्मान ग्राफ याने ताबडतोब विमानाने पश्चिमेकडे जाऊन इंग्रजांना शरण जावे. सोव्हिएत संघाच्या हाती लागले तर या दोघांची गत काय होईल, हे वरिष्ठांना ठाऊक होते. दोघांची विमाने सज्ज होती. घरी पत्नीला दिवस भरत आले होते. पण तळावर दलाचे सैनिक होते, आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या बायकामुलांचा मोठा जमाव होता. दोघांनीही आज्ञा पाळली नाही. विमानांना आग लावून ते पायी या लोकांसह निघाले आणि अमेरिकी सैन्याला शरण गेले. अमेरिकनांनी मित्रराष्ट्रांतील करारानुसार त्या सर्वांना काही दिवसांत सोव्हिएत सैन्याच्या हवाली केले. त्या पहिल्या रात्री स्त्रियांवर जे अत्याचार झाले, ते हार्टमान जन्मभर विसरला नाही. तेथे आलेल्या एका सोव्हिएत अधिकाऱ्याने गुन्हेगारांना कठोर शिक्षा देऊन ते थांबविले, हेही त्याने आवर्जून सांगितले आहे.

त्याच महिन्यात इकडे उशने मुलाला जन्म दिला. पेटर एरिख. वडिलांनी हा मुलगा कधीच पाहिला नाही. तो तीन वर्षांचाही झाला नसेल-नसेल तोच गेला, आणि ती बातमी बापाला पुष्कळ दिवसांनी छावणीत समजली. छावणीतून धाडायच्या पत्रांवर शब्दांची मर्यादा असे. तेवढ्या शब्दांत बापाने आईचे सांत्वन काय केले असेल? १९५२ साली वडीलही गेले.

ग्र्याझोवेत्स, शाख्ती, नोवोचेरकास्क, अस्बेस्ट अशा अनेक ठिकाणच्या छावण्या आणि तुरुंग त्याने पाहिले. सोव्हिएत गुप्त पोलिसांना त्याच्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या. युद्धगुन्ह्यांचा कबुलीजबाब, इतर कैद्यांवर हेरगिरी आणि पुढे पूर्व जर्मनीच्या वायुदलात नोकरी. त्या बदल्यात घरी सोडण्याचे आमिष होते, पत्नी आणि मुलाला धोका पोहोचवण्याची धमकीही होती. त्याने नकार दिला. अधिकारी दर्जाच्या युद्धकैद्याकडून सक्तीने काम करवून घेता येत नाही, म्हणून खाणीत उतरायलाही नकार दिला. अंधारकोठडी झाली. त्याने अन्नत्याग केला, तेव्हा नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले.

१९४९ च्या अखेरीस खटला झाला. आरोप काय? एका खेड्यातील शेकडो नागरिकांना ठार मारले, पावाच्या कारखान्यावर गोळीबार केला, आणि ३४५ ‘महागड्या’ सोव्हिएत विमानांचा नाश केला. शेवटचा आरोप ऐकून हसू येते. लढाऊ वैमानिकाने युद्धात दुसरे काय करायचे असते? शिक्षा झाली पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीची. पूर्वी मी सांगितले ते अत्याचार खरे होते आणि अपरंपार होते. परंतु त्यांची शिक्षा खोटा कागद तयार करून भलत्याच माणसाला दिल्याने न्याय होत नाही. स्टालिनच्या न्यायालयांना नाव आणि सही पाहिजे असे, पुरावा नको असे. ही यंत्रणा रशियन लोकांनीही लाखोंच्या संख्येने भोगली.

शाख्ती येथील कोळशाच्या छावणीत त्याला कोठडीत टाकल्यावर इतर कैद्यांनी उठाव केला, पहारेकऱ्यांना बाजूला सारून त्याला बाहेर काढले. छावणी हाती आली होती. पळून जाण्याची भाषा सुरू झाली. हार्टमानने त्यांना रोखले आणि एकच मागणी पुढे ठेवली: आंतरराष्ट्रीय तपासणी पथक येऊन छावणीची अवस्था पाहो. पथक आले नाही. हा मात्र पुन्हा कोठडीत गेला.

ग्राफविषयी एक शब्द. तोही मागे राहिला होता, तोही शूर होता. कैदेत त्याने सोव्हिएत अधिकाऱ्यांशी जुळवून घेतले आणि तो १९४९ साली सुटला. त्याच्या जुन्या साथीदारांनी त्याला कधी क्षमा केली नाही. आरामखुर्चीत बसून ग्राफला दूषण देण्याचा अधिकार मला आहे असे मी मानीत नाही. भूक आणि थंडी यांच्यापुढे कोण किती टिकेल, ते आधी कोणी सांगावे?

सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे वृद्ध चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला गेले. राजनैतिक संबंधांच्या बदल्यात उरलेल्या सुमारे दहा हजार कैद्यांची सुटका त्यांनी मिळविली. ऑक्टोबरमध्ये हार्टमान घरी आला. गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आला तेव्हा तेहेतीस. दहा वर्षे आणि काही महिने उश वाट पाहत होती. त्या काळात असंख्य स्त्रियांना आपला नवरा जिवंत आहे की नाही हेही कळत नव्हते. कित्येकींनी नवे संसार थाटले आणि त्यांना कोणी बोल लावला नाही. ही थांबली. १९५७ साली त्यांना मुलगी झाली.

पुष्कळ चरित्रकार येथे थांबतात. मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो.

१९५६ साली तो नव्या पश्चिम जर्मन वायुदलात रुजू झाला. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या पहिल्या जेट लढाऊ दलाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. सेबर विमाने होती, दल उत्तम चालले होते. त्याच सुमारास सरकारने अमेरिकी बनावटीचे एफ-१०४ स्टारफायटर घेण्याचे ठरविले. विमान देखणे, सुईसारखे टोकदार, ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. मंत्री खूश, वरिष्ठ खूश. हार्टमानने अमेरिकेत या विमानाची माहिती घेतली होती, तेथील अपघात समजून घेतले होते. त्याने स्पष्ट सांगितले, हे विमान आमच्यासाठी योग्य नाही.

त्याचे म्हणणे साधे होते. हे विमान निरभ्र आकाशात, फार उंचीवर वेगाने चढून शत्रूला गाठण्यासाठी बनविलेले. पंख अगदी आखूड. जर्मनीने त्याच्यावर जड उपकरणे लादली आणि ते ढगाळ, धुकट युरोपात, जमिनीला लगटून बाँबफेकीसाठी वापरायचे ठरविले. वैमानिक शिकणार अ‍ॅरिझोनाच्या स्वच्छ उन्हात आणि उडणार उत्तर जर्मनीच्या धुक्यात. यंत्रकार नवखे. आधी मुलांना सोप्या जेट विमानांवर मुरू द्या, मग पाहू, असा त्याचा आग्रह होता. तो कोणाला रुचला नाही. विमानाविरुद्ध बोलणे म्हणजे धोरणाविरुद्ध बोलणे ठरले. १९६२ साली त्याला दलाच्या नेतृत्वावरून हलवून कार्यालयात बसविण्यात आले.

त्याच वर्षी, १९ जून १९६२ रोजी, समारंभाच्या सरावात असलेली चार स्टारफायटर विमाने नोर्व्हेनिखजवळ एकाच वेळी कोसळली आणि चारही वैमानिक गेले. पुढे ही मालिका थांबेना. जर्मनीने घेतलेल्या ९१६ विमानांपैकी तीनशेच्या आसपास नष्ट झाली आणि शंभराहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. कोणत्याही युद्धात नव्हे, शांततेच्या काळात. जर्मन जनतेने त्या विमानाला ‘विधवा करणारे’ असे नाव दिले. १९७६ च्या सुमारास ते बनविणाऱ्या लॉकहीड कंपनीने आपली विमाने खपवण्यासाठी अनेक देशांत लाच वाटल्याचे अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. जपानच्या माजी पंतप्रधानांना अटक झाली, नेदरलँडचे राजपुत्र अडचणीत आले. जर्मनीतील आरोप मात्र सिद्ध झाले नाहीत.

याच स्टारफायटरशी आपलाही परिचय आहे. पाकिस्तानला अमेरिकेने ही विमाने दिली होती. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरील हल्ल्यात आपले स्क्वाड्रन लीडर देवय्या यांनी, कितीतरी संथ अशा मिस्टेर विमानातून, एका स्टारफायटरशी झुंज घेऊन ते पाडले आणि स्वत: प्राणार्पण केले. देशाला ते कळायला आणि महावीरचक्र मिळायला १९८८ उजाडले. १९७१ साली आपल्या मिग-२१ ने स्टारफायटरची मिजास पुरती उतरवली. आणि त्याच मिग-२१ च्या शांतताकाळातील अपघातांत तरुण मुलगे गमावलेली घरे आपल्या महाराष्ट्रात आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते विमान निवृत्त झाले, तेव्हा दूरचित्रवाणीवर तो सोहळा पाहताना त्या घरांत काय वाटले असेल, याची मी कल्पना करीत होतो.

हवेत शत्रूवर झडप घालणे कठीण. पण आपल्याच वरिष्ठांच्या मेजासमोर उभे राहून, बढती समोर दिसत असताना, ‘हे विमान आपली मुले मारील’ असे सांगणे मला त्याहून कठीण वाटते. तेथे पदक मिळत नाही. हार्टमान जनरल झाला नाही. १९७० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कर्नल म्हणून तो निवृत्त झाला.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. काही महिन्यांनी तो मला पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याच्या वहीत हार्टमानच्या चित्राखाली दोन आकडे अजून लिहायला सांगितले. दहा, म्हणजे छावणीतली वर्षे. आणि शून्य, म्हणजे गमावलेले साथीदार. मिनेराल्निए व्होदीबद्दलही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सर, मग हे चित्र पहिल्या पानावर ठेवू की नको?’’ मी म्हटले, वही तुझी आहे, तू ठरव.

निवृत्तीनंतर हार्टमान लहान विमानतळांवरच्या मंडळांत मुलांना विमान चालवायला शिकवीत असे. आईने त्याला शिकवले तसेच. २० सप्टेंबर १९९३ रोजी वाइल इम श्योनबुख येथे, लहानपणीच्याच गावी, तो वारला. जानेवारी १९९७ मध्ये रशियाच्या लष्करी अभियोक्ता कार्यालयाने १९४९ चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षे उलटली होती.